उघाडीचे दोन होकार

२ जून, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची असं ठरवलं. पुढेमागे कोणी विचारलं, दिपेश थळे, हे सगळं सुरू कुठे झालं, तर तारखेसकट उत्तर तयार हवं. सुरू इथे झालं: आंबेखार, तालुका अलिबाग, आमच्या घराचा माळा, पंखा बंद, डोकं चालू.

बेलापूरची नोकरी सोडून तीन आठवडे झाले. आईला वाटतं मला काढून टाकलं आणि मी लपवतोय. बाबा काही वाटून घेत नाहीत. ते सकाळी बांधावर जातात, संध्याकाळी येतात, मधे एकदा विचारतात, "चाललाय ना काम?" मी हो म्हणतो. ते पुरतं त्यांना.

काम जोरात चाललंय. ब्लॉकचेनवरचं कुठलंही ॲप उघडून बघा, आत तेच ते तुकडे असतात. हा माणूस कोण, त्याने हो म्हटलं का, कधी म्हटलं, त्याचा फोन हरवला तर काय करायचं. जगभरचे लोक हे तुकडे दरवेळी नव्याने लिहीत बसतात. मी ते एकदाच लिहिलेत, सुटे सुटे, एकमेकांत बसतील असे. ओळखीचा ठोकळा, होकाराचा ठोकळा, घड्याळाचा ठोकळा, विश्वासाचा ठोकळा, आणखी चार. हवे ते जोडा, ॲप तयार. कोड लिहायला नको, इंग्रजी यायला नको.

काल पहिली परीक्षा झाली. जनीकाकूंनी (वरच्या आळीच्या घरतांच्या, दयारामकाकांच्या पत्नी) पाऊण तासात ॲप बनवलं. बचत गटाचे मोठे टोप कोणाच्या घरी आहेत ते दाखवणारं. नेणारी हो म्हणते, देणारी हो म्हणते, मग कोणालाच 'मी नेलाच नव्हता' म्हणता येत नाही. त्या म्हणाल्या, "चुलीवर भात ठेवून बनवला, भात पन न्हाय लागला." हे वाक्य मी जाहिरातीत घालणार आहे.

मला आज जेवण गेलं नाही. आनंदाने पोट भरतं हे खरं आहे.

५ जून, गुरुवार

सापडलं. ज्याने जग हलेल असं काम सापडलं आणि ते घरापासून चारशे पावलांवर होतं.

उघाडी. खाडीच्या बांधाला जिथे दार असतं त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला चाक फिरवून लोखंडी झडप वर घ्यायची, शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती चढायच्या आत झडप खाली. ती खाली करायची राहिली तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची तीन वर्षं तिथे भात होत नाही. ह्या दारामागे चाळीस घरांची शेती आहे, त्यात पहिलं शेत आमचं.

सात वर्षांपूर्वी एका भरतीला झडप उघडी राहिली आणि खालच्या आळीच्या हिरामणकाकांची तीन एकरं खारली. तेव्हा चावी दयारामकाकांकडे होती. ते म्हणतात, मी बंद केली होती. हिरामणकाका म्हणतात, आपल्या तळ्यातल्या जिताडा माशांसाठी खारं पाणी घ्यायला उघडी ठेवली. दोघे चाळीस वर्षं मिठागरात शेजारी शेजारी राबलेले. त्या दिवसापासून बोलणं बंद, तोंड बघणं बंद, आणि चाकावर दोन कुलपं. एक वरच्या आळीचं, एक खालच्या.

आता पद्धत अशी: दयारामकाका येऊन आपलं कुलूप काढतात आणि निघून जातात. ते वळणापलीकडे दिसेनासे झाले की हिरामणकाका येऊन आपलं काढतात. मग बाबा चाक फिरवतात. बंद करताना पुन्हा तेच. एकाला उशीर झाला की ओहोटी निघून जाते. गेल्या वर्षी पाणी नऊ दिवस साचून राहिलं आणि निम्मं भात कुजलं.

मी काय करणार? दोन कुलपांऐवजी एक. विजेवर चालणारं, वर सोलरचं पॅनल. दोन्ही राखणदारांनी, म्हणजे ह्या दोन काकांनी, आपापल्या फोनवर होकार दाबला की सुटेल. दोघांना घराबाहेरही पडायला नको. एकमेकांचं तोंड बघायची गरजच उरणार नाही. वापरणाऱ्याची सोय म्हणतात ती हीच.

८ जून, रविवार

समाजमंदिरात सभा झाली. समोर साठ माणसं, मी उभा, आणि जीभ चालली.

कोणीतरी विचारलं ब्लॉकचेन म्हणजे काय. मी म्हटलं, आपण एखादी गोष्ट एकट्याला सांगितली तर नंतर फिरवता येते. शंभर जणांसमोर सांगितली की फिरवता येत नाही. हे यंत्र प्रत्येक होकार शंभर जणांसमोर सांगतं, बस. सगळ्यांनी माना हलवल्या. गिरणीवाल्या पूनमवहिनी म्हणाल्या, "म्हंजे गिरनीत बोलल्यासारखा." माझ्यापेक्षा त्यांनीच चांगलं सांगितलं.

अडचण आली ती हिरामणकाकांच्या अंगठ्याची. मिठाने त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात, फोनला ठसा कळत नाही. आधारकार्डालाही कळत नाही म्हणे. मी जागच्या जागी ठोकळा बदलला. ठसा नको, पडदाभर एकच हिरवं बटण, भाकरीएवढं. ते त्यांनी अख्ख्या पंजाने दाबलं आणि म्हणाले, "हा जमला."

दयारामकाका भिंतीकडे तोंड करून बसले होते, कारण समोर हिरामणकाका होते. भिंतीकडे बघतच म्हणाले, "आनी चुकला तर?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "माझं कुलूप एकदा जरी चुकलं तर त्याच दिवशी काढून टाकीन आणि बेलापूरला परत जाईन."

टाळ्या पडल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "पयला पानी आपल्याच शेतात येतो, ध्यानात ठेव." मी म्हटलं, येणारच नाही. आमच्याकडे यंदाही जया भातच लावायचंय, खारं पाणी न सोसणारं.

१३ जून, शुक्रवार

आज घोळ झाला. मोठा. पण त्यातून खूप शिकायला मिळालं, असं म्हणायची पद्धत आहे.

विश्वासाचा ठोकळा असा आहे: प्रत्येकाने आपली भरवशाची तीन माणसं निवडायची. फोन हरवला तर त्या तिघांपैकी दोघांनी 'हा तोच माणूस' म्हटलं की नव्या फोनवर सगळं परत मिळतं. चार दिवसांत गावातल्या ब्याऐंशी जणांनी तीन-तीन नावं भरली. मला काय वाटलं, एवढा सुंदर विश्वास लोकांना दिसायला हवा. मी चादर ताणून त्यावर सगळं दाखवलं. कोणी कोणाला निवडलं, नावानावांमधून रेघा.

आधी सगळे आपापलं नाव शोधत राहिले. मग सदा उठला. सदा म्हणजे पूनमवहिनींचा नवरा. वहिनींच्या तीन रेघा जावेकडे, एस्टीच्या कंडक्टरकडे आणि आमच्या आईकडे जात होत्या. सदाकडे एकही नाही. "मी कुठंय?" त्याने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "गिरनीची चावी म्हयन्यात दोनदा हरवतोस. तुला काय निवडू?"

माजी सरपंचांना एकाही माणसाने निवडलेलं नव्हतं. त्यांची रेघच नव्हती, नाव एका कोपऱ्यात एकटं. ते छत्री न घेताच निघून गेले. पूनमवहिनींना मात्र एकेचाळीस जणांनी निवडलंय. पंचवीस वर्षं सगळ्यांची धान्यं त्यांच्याकडे पडून असतात आणि मूठभर कमी झालेली नाहीत. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि म्हणाल्या, "मग मनाच येकलीला राखनदार कशाला नेमला न्हाय?"

दोन सासवांनी आपापल्या सुनांना निवडलं होतं आणि त्या सुनांनी त्यांना नाही. मी चादर खाली ओढली, पण तोवर बोंबाबोंब झाली होती.

कल्पिताची एक रेघ माझ्याकडे आलेली दिसली. कल्पिता म्हणजे दयारामकाकांची मुलगी. पेणजवळ औषधांच्या कारखान्यात ती गोळ्या तपासते, म्हणून माझे ठोकळेही तिलाच तपासायला देतो. ती कुठलीही गोष्ट तीन मिनिटांत मोडून दाखवते. तपासताना चुकून माझं नाव दाबलं असणार. मी म्हटलं, दुरुस्त करून देऊ? ती म्हणाली, "राहू दे." आणि घरी गेली. तिचा मूड का गेला ते कळलं नाही, तिच्याबद्दल तर कोणी काही बोललंही नव्हतं.

१८ जून, बुधवार

सदा पाच दिवस गिरणीत झोपतोय. वहिनी म्हणतात बरं आहे, उंदीर कमी झाले.

मी यादी लपवणारा ठोकळा लिहिला. आता कोणी कोणाला निवडलं हे कोणालाच दिसत नाही, मलाही नाही. फक्त गरज पडली तर त्या तिघांच्या फोनवर घंटा वाजेल. दोन्ही राखणदारांनी तोपर्यंत नावं द्यायला साफ नकार दिला होता. आज दोघांनी भरली. दयारामकाकांनी फोन छातीशी धरून, माझ्याकडे पाठ करून, तब्बल वीस मिनिटं घेतली. जाताना पुन्हा विचारलं, "कोनाला कंदी दिसनार न्हाय ना?"

"देवालाही नाही," मी म्हटलं.

"तेला दिसला तरी चालंल," काका म्हणाले.

२६ जून, गुरुवार

चाललं. चाललं. चाललं.

अमावास्येची ओहोटी, पहाटे. दयारामकाकांचा होकार त्यांच्या पडवीतून, हिरामणकाकांचा त्यांच्या अंगणातून. कुलूप खटकन सुटलं आणि बाबांनी चाक फिरवलं. सगळं मिळून सहा मिनिटं. जुन्या पद्धतीत पाऊण तास जायचा. कुलपाची पेटी आमच्या गावच्या वेल्डर अल्पेशने जाड पत्र्यात वेल्डिंग करून दिलीय, हत्ती आणला तरी तुटायची नाही. आणि अर्ध्या तासाने कुलूप आपोआप पुन्हा लागतं, म्हणजे मधल्या मधे कोणी चाकाशी खेळायला नको. भरतीआधी पुन्हा दोन होकार, झडप खाली.

मी बांधावर एकटाच नाचलो. एकटाच म्हणजे कल्पिता होती, पण ती तपासणीला आली होती.

३१ जुलै, गुरुवार

महिनाभर लिहायला सवड नव्हती. सतरा वेळा उघडली, सतरा वेळा बंद झाली, एकदाही चूक नाही. गेल्या वर्षी भात कुजलं ती जमीन यंदा हिरवीगार आहे. नागावहून, रेवदंड्याहून माणसं बघायला येऊन गेली. आई पाहुण्यांना सांगते, "आमच्या दिपेशनी नोकरी स्वताहून सोडली." मला हे वाक्य चौकटीत लावायचंय.

कल्पिता आज म्हणाली, "उघडायला दोघांचा होकार ठीक आहे. बंद करायला कशाला? बंद करणं तर नेहमीच चांगलं."

मी तिला समजावलं. एक म्हणजे तिच्याच बाबांना झडप जरा उशिरा पडायला हवी असते, तळ्यासाठी. दुसरं म्हणजे होकाराचा ठोकळा एकच आहे आणि तो मी दोन्हीकडे वापरलाय. एकच वस्तू, दोन कामं, ह्याला सौंदर्य म्हणतात. ती म्हणाली, "आमच्याकडे ह्याला बॅच परत पाठवणं म्हणतात."

ती हसली की मला पुढचा मुद्दा आठवत नाही. हे तिच्या वादाचं तंत्र असावं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवस पाऊस. शेतात गुडघाभर पाणी आणि भात नेमकं पोटरीला आलेलं, दाणा धरायच्या तोंडावर. आता खारं पाणी शिरलं तर चाळीस घरांचं वर्ष गेलं, बाबा दिवसातून दोनदा सांगतात. उद्या अमावास्या. रविवारी वर्षातलं मोठं उधाण, दुपारी एकच्या सुमाराला पूर्ण भरती. पहाटे पाणी काढायचं, नऊच्या आत झडप खाली. मी वेळापत्रक छापून भिंतीला लावलंय. वारा, पाऊस, वीज जाणं, नेट जाणं, सगळ्याचा विचार करून ठेवलाय. काहीच राहिलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

अक्षर लागलं नाही तर नाही, आजच लिहून ठेवतो.

मी सगळ्याचा विचार केला होता. काल श्रावण संपला ह्याचा केला नव्हता.

पहाटे पावणेपाचला दोन्ही होकार आले. कुलूप सुटलं, झडप वर, पाणी धो धो खाडीत. मी चहा पिऊन पडलो. अर्ध्या तासाने कुलूप आपोआप लागलं, झडप वर असतानाच, ठरल्याप्रमाणे.

साडेसातला कल्पिता अनवाणी धावत आली. "बाबांचा फोन तळ्यात पडला."

श्रावण संपला आणि गणपती तीन दिवसांवर. मधले हे तीनच दिवस मासे खायचे. महिनाभर वरणभातावर काढलेली सहा घरं उजाडताच दयारामकाकांच्या दारात जिताडा मागायला उभी. काका जाळं ओढायला वाकले आणि खिशातला फोन तळ्यात गेला. छातीभर पाणी, खाली चिखल. चौघे बुड्या मारत होते. आठला एक चप्पल मिळाली, सव्वाआठला फोन. मेलेला.

आणि माझ्या सुंदर ठोकळ्यामुळे झडप बंद करायला दयारामकाकांचा होकार लागत होता.

हिरामणकाकांनी आपला होकार आठलाच दिला होता. ते बांधावर छत्री घेऊन उभे होते, पाठ गावाकडे. नऊ वाजता अख्खं गाव जमा झालं. खाडी चढायला लागली होती. अल्पेश घण घेऊन आला, पण त्यानेच घडवलेली पेटी, त्यालाच ठाऊक: घण घातला तर खीळ वाकेल आणि चाक कायमचं अडकेल. ग्राइंडरला वीज नव्हती, रात्रीच गेलेली. बाबा आमच्या शेताकडे बघत होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला रडू येत होतं आणि पाऊस होता म्हणून चाललं.

मग डोकं जाग्यावर आलं. विश्वासाचा ठोकळा. मी माझा जुना फोन काढला आणि त्यावर दयारामकाकांची ओळख मागितली. आता त्यांच्या तिघांपैकी दोघांनी हो म्हणायचं, म्हणजे हा फोन त्यांचा झाला.

पावसात रेंज जेमतेम, घंटा एकेक करून पोचत होत्या; पहिली कल्पिताच्या फोनवर वाजली. तिने लगेच दाबलं. एक झालं.

"दुसरी आई," ती म्हणाली. जनीकाकू साडेसहाच्या एस्टीने बहिणीकडे तळा गावाला गेलेल्या. फोन लावला, डोंगरात रेंज नाही.

मी दयारामकाकांना विचारलं, "तिसरं कोण?"

ते छातीपर्यंत चिखलाने माखलेले, कानाला शेवाळ. खाडीकडे बघत राहिले.

"काका, वेळ नाही. कोण आहे ते सांगा, मी धावत जाऊन आणतो."

"धावायला नको," ते म्हणाले.

तेवढ्यात हिरामणकाकांच्या सदऱ्याच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घंटा वाजली.

बांधावरची सगळी माणसं त्या खिशाकडे वळली. हिरामणकाकांनी फोन काढला, हातभर लांब धरला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मी तर कवाच दाबलाय."

"काका, हा वेगळा आहे," मी म्हटलं. "वाचा."

ते मोठ्याने, एकेक शब्द लावून वाचायला लागले. "दयाराम घरत यांचा फोन हरवला आहे. समोरचा माणूस दयाराम घरतच आहे, अशी आपण खात्री देता का?"

हे वाक्य मी मार्चमध्ये बेलापूरला वातानुकूलित खोलीत बसून लिहिलं होतं. ते कोणी असं मोठ्याने वाचेल असं कधी वाटलं नव्हतं.

हिरामणकाकांनी मान वळवली आणि सात वर्षांनी दयारामकाकांच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. खाडी झडपेच्या उंबऱ्याला लागली होती.

"बगतोस काय," दयारामकाका म्हणाले. "वलखत न्हाय काय?"

"वलखतंय."

"मग दाब."

हिरामणकाकांनी पंजा दाबला. काही होईना. हात ओला, पडदा ओला. सदऱ्याला पुसला, सदरा ओला. माझा शर्ट ओला, बाबांची टोपी ओली, बांधावर एकही कोरडी वस्तू नव्हती. शेवटी त्यांनी फोन छत्रीखाली तोंडासमोर धरला आणि नाकाने दाबलं. हिरवं झालं.

दयारामकाकांनी लगेच माझ्या जुन्या फोनवर होकार दिला, त्यांनीही नाकानेच. नऊ बावीसला कुलूप सुटलं.

बाबा चाकाला लोंबकळले पण पाण्याच्या दाबाने चाक हलेना. मी पुढे होईपर्यंत दोन्ही काका चाकाला भिडले होते, एक इकडून, एक तिकडून, समोरासमोर. मिठागरात रहाट ओढायचे तसे हुंकार देत त्यांनी ते फिरवलं. झडप खाली बसली. वीतभर खारं पाणी आत आलं होतं, तेही चरातच राहिलं. शेतात थेंब नाही.

मग जे ओरडणं झालं ते रेवसच्या धक्क्यावर ऐकू गेलं असेल. पूनमवहिनींनी सदाला मिठी मारली, सगळ्यांदेखत. कुलूप सुटलं त्या क्षणापासून कल्पिताने माझा हात धरून ठेवला होता. बांध निसरडा आहे, तोल जात असावा. गर्दी पांगल्यावरही तिचा तोल बराच वेळ जात होता.

दोघे काका तिथेच चिखलात बसले. हिरामणकाकांनी विचारलं, "मना कशाला घातलास?"

"तू खोटा बोलत न्हाईस म्हनून. भांडन हाय ते येगला."

"जाडा झालास सात वरसांत."

"तू म्हातारा झालास."

बस. एवढंच बोलले. पण अर्धा तास बसून होते, आणि छत्री एकच होती.

घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, कुलूप चुकलं. मी शब्द दिला होता. काढतो आणि बेलापूरला जातो.

बाबा जिताड्याच्या मीठ लावलेल्या तुकड्या तव्यावर सोडत होते. म्हणाले, "कुलूप न्हाय चुकला. जितारा चुकला." आणि सगळ्यात मोठी तुकडी माझ्या ताटात वाढली. बाबांनी माझ्या आठवणीत केलेला हा पहिला विनोद.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. घरभर मखराचा पसारा, त्यात माझा लॅपटॉप. कल्पिता तपासणीला आलेली. बंद करायला आता कोणाचाच होकार लागत नाही, येणाऱ्याजाणाऱ्या कोणीही चाक फिरवावं. तिने 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. फक्त तीन वेळा त्या अर्थाने बघितलं.

दुपारी हिरामणकाका आले. दयारामकाकांनी नवा फोन घेतलाय, नंबरही नवा. जुना नंबर लोकांना फार माहीत झाला होता म्हणे, जिताड्यासाठी पहाटेपासून वाजायचा. हिरामणकाकांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "दयारामचा नवा नंबर घाल माज्यात."

मी म्हटलं, साठवून देतो.

"तसा नको. त्या तिघांत घाल. नायतर माजा फोन गेला तर घंटा जुन्या नंबरावर वाजंल."

त्यांनीच पासवर्ड सांगितला म्हणून यादी उघडली. पूनमवहिनी, आमचे बाबा, आणि दयाराम घरत. भरल्याची तारीख १८ जून, सकाळी अकरा दहा. मला आठवतं, दयारामकाकांनी आपली नावं त्या दिवशी संध्याकाळी भरली होती. मी नंबर बदलून दिला. काका चहा न घेता गेले, वरच्या आळीच्या बाजूला.

मी कल्पिताला म्हटलं, ही यंत्रणेतली मोठी उणीव आहे. एकाचा नंबर बदलला तर त्याला निवडणाऱ्या सगळ्यांकडे तो आपोआप बदलायला हवा. म्हातारी माणसं कुठे असं दारोदार विचारत फिरणार? दहावा ठोकळा आजच लिहितो, मग ह्यापुढे कोणाला कोणाकडे यावंजावं लागणार नाही.

तिने लॅपटॉप हळूच मिटला.

"नको लिहूस," ती म्हणाली. "येऊ देत की विचारायला."

मी कारण विचारलं, तर म्हणाली, सावकाश कळेल. मग दोघांनी मिळून मखराला कागद लावले.